वाळवंटातल्या लढाईत तोफखान्याची रसद आणि देखभाल: गणित नेमकं कसं बसतं?

मिरकरवाडा_डिझेल (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. खेडच्या एका कॉलेजात एनसीसीच्या मुलांसमोर तासभर बोलायचं आहे. विषय: वाळवंटातला तोफखाना, म्हणजे दारूगोळा, डिझेल आणि दुरुस्ती. १९९१ चं आखाती युद्ध मध्यभागी ठेवावं असं मनात आहे. माझा धंदा ट्रॉलरच्या इंजिनांचा, त्यामुळे डिझेल आणि फिल्टर कळतात, तोफ कळत नाही. समोर बसणाऱ्या मुलांत बऱ्याच जणांच्या घरी कुणी ना कुणी फौजेत आहे, तेव्हा ढोबळ बोलून भागायचं नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एका तोफखाना रेजिमेंटला लढाईच्या दिवशी किती माल लागतो आणि त्याला किती ट्रक लागतात? दुसरं, बंदरावर आम्ही लोखंड दिसलं की त्याला ग्रीस फासतो, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने चार दिवसांत तांबेरा धरतो. वाळवंटात गंजाची भीती नाही, मग तिथे मेंटेनन्स सोपा म्हणायचा का? आणि तिसरं, एवढ्या उन्हात दारूगोळ्याचं काय होतं?

गनर_खेड

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकीचं इथे जाणकार आहेत ते सांगतील.

मुलांना सगळ्यात आधी हे सांगा की १५५ मिलिमीटर तोफेची एक फैर म्हणजे एक वस्तू नव्हे. गोळा वेगळा, त्याला नळीतून ढकलणारा दारूचा चार्ज वेगळा, गोळा फोडणारा फ्यूज वेगळा, चार्ज पेटवणारा प्रायमर वेगळा. चार वस्तू, चार प्रकारचं पॅकिंग. त्यातली एक जरी मागे राहिली तरी तोफ गप्प. साधा एम-१०७ गोळा ४३ किलोचा, आठ गोळ्यांचं एक लाकडी पॅलेट. चार्ज धातूच्या बंद डब्यात. फ्यूज सोळाच्या पेटीत. पॅकिंग धरून एका फैरीला साधारण ६० किलो धरा, हिशेबाला सोपं पडतं.

आता १८ तोफांची रेजिमेंट घ्या आणि तोफेमागे १०० फैरी. १८०० फैरी गुणिले ६० किलो, झाले १०८ टन. त्याच दिवशी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या १८ एम-१०९ तोफा आणि त्यांच्यामागच्या १८ दारूगोळा गाड्या यांच्या टाक्या एकदा भरायच्या म्हटल्या तर गाडीला ५०० लीटरच्या आसपास, म्हणजे १८,००० लीटर, वजनात १५ टन. ६०० माणसांना कडक उन्हाळ्यात नुसतं प्यायला माणशी १२ लीटर धरलं तर ७ टन पाणी. शिधा टन-दीड टन. म्हणजे जोराच्या फायरिंगच्या दिवशी एकूण वजनाचा चार पंचमांश भाग फक्त दारूगोळा असतो. म्हणून तोफखान्याचा क्वार्टरमास्टर (रसद बघणारा अधिकारी) पायदळाच्या क्वार्टरमास्टरपेक्षा वेगळ्याच जगात राहतो. पायदळाला पाणी आणि शिधा पोचला की निम्मी चिंता मिटते, इथे ती सुरूच झालेली नसते.

१०० फैरींचा आकडा फुगवलेला वाटू देऊ नका. १९४२ साली अल अलामेनच्या लढाईत ब्रिटिशांच्या २५ पौंडी तोफांनी बारा दिवस सरासरी तोफेमागे दिवसाला सुमारे १०२ फैरी झाडल्या होत्या. तो गोळा मात्र ११-१२ किलोचा, १५५ चा त्याच्या जवळपास चौपट.

ट्रक भरण्याची पद्धत हा खरा कळीचा मुद्दा. डेपोतून माल निघतो तो डेपोच्या सोयीने: एका ट्रकवर सगळे गोळे, दुसऱ्यावर सगळे चार्ज, तिसऱ्यावर फ्यूज. रात्री वाळूत ताफा फुटला, फ्यूजचा ट्रक दुसऱ्याच बॅटरीकडे (रेजिमेंटमधल्या तोफांच्या दुसऱ्या गटाकडे) गेला, की तोफांजवळ गोळ्यांचा ढीग आणि फायर शून्य. त्यामुळे प्रत्येक ट्रकवर पूर्ण संच भरायचा. नमुन्यादाखल १० टनी ट्रकला १६ पॅलेट म्हणजे १२८ गोळे, १२८ चार्ज, ८ पेट्या फ्यूज (१६ आठे १२८), आणि प्रायमर मोजून वर थोडे जास्त, कारण ते वाया जातात. वजन पावणेआठ टनांच्या आसपास जातं. कुठलाही एक ट्रक पोचला तरी कुठली तरी तोफ फायर करू शकते. अमेरिकन फौजेत याला कॉम्बॅट कॉन्फिगर्ड लोड म्हणतात.

अशा भरणीने १८०० फैरींना १५ ट्रक लागतात. पण फळ्यावर १५ लिहून थांबू नका, आता फेरीचा वेळ काढा. दारूगोळ्याचा तळ ८० किलोमीटर मागे आहे. वाळूतल्या कच्च्या वाटेवर, रात्री दिवे न लावता, ताफ्याचा सरासरी वेग ताशी १६ धरा. जायला पाच तास, यायला पाच, भरणं-उतरवणं-वाट बघणं यात आणखी पाच. पंधरा तास. दिवसाला एक फेरी जमते. फौज पुढे सरकली आणि तेच अंतर १६० झालं की फेरी पंचवीस तासांची. त्याच क्षणी १५ ट्रकांचे ३० लागायला लागतात. दारूगोळा तेवढाच, तोफा तेवढ्याच, फक्त अंतर दुप्पट झालं. १९९१ मध्ये २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि २८ तारखेच्या सकाळी थांबली, त्या शंभर तासांत काही डिव्हिजन २०० किलोमीटरहून जास्त पुढे गेल्या.

म्हणून वेगाच्या लढाईत खरा साठा तोच, जो गाड्यांवर चढलेला आहे. एम-१०९ ए२ मध्ये ३६ फैरी, तिच्यामागच्या एम-९९२ गाडीत ९० च्या आसपास, म्हणजे तोफेमागे सव्वाशे फैरी पट्ट्यांवर. हल्ल्याआधीच्या भडिमारासाठी तोफांशेजारी जमिनीवर उतरवून ठेवलेला ढीग तेवढ्यापुरता उपयोगी. तोफा हलल्या की तो मागे राहतो, आणि परत भरायला माणसं आणि तास दोन्ही नसतात. अमेरिकेच्या सातव्या कोरचा (अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या फौजेचा) मुख्य हल्ला २५ च्या पहाटे ठरला होता, तो २४ च्या दुपारीच सोडावा लागला. वेळापत्रक असं पुढे ओढलं गेलं की किती माल जमिनीवर आणि किती चाकांवर, हा प्रश्न किती महत्त्वाचा ते लगेच कळतं.

त्या चार दिवसांत बऱ्याच तुकड्यांना दारूगोळ्यापेक्षा डिझेलची ओढाताण जास्त झाली. हल्ला चालू असताना तोफा हलत्याच राहतात, फायर कमी आणि पळापळ जास्त. टँकर हारीने उभे करायचे, प्रत्येक गाडीला ठरलेली मिनिटं तेल द्यायचं आणि टाकी भरो न भरो पुढे काढायचं, ही पद्धत तेव्हा भरपूर वापरली गेली. ती चालते, पण एकच गाडी पाइपापाशी बंद पडली तर मागची रांग ठप्प. म्हणून तेल भरायच्या जागी ओढून काढणारी रिकव्हरी गाडी आधी उभी करायची, मग टँकर.

एलएडी_चिपळूण

ग्रीसवर मी लिहितो, आणि जरा सविस्तर लिहितो, कारण कोकणातल्या कुठल्याही मेकॅनिकची पहिली चूक इथेच होणार.

आपल्याकडे ग्रीस ओलावा आणि मीठ अडवायला. वाळवंटात तेच ग्रीस धूळ धरतं. तिथली धूळ पिठाएवढी बारीक आणि त्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्टीलला घासणारा कण. तेल अधिक धूळ बरोबर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. उघडा भाग तेलकट ठेवलात तर तुम्ही स्वतःच्या हाताने तो भाग झिजवायला लावलात. नियम असा: जिथे ग्रीस निपलमधून आत जातं आणि सीलच्या मागे राहतं, तिथे वेळेच्या आधी आणि भरपूर द्या, इतकं की जुनं घाण ग्रीस बाहेर ढकललं जाईल. मग बाहेर आलेलं सगळं चिंदीने पुसून कोरडं करा. निपलसुद्धा ग्रीसगन लावायच्या आधी पुसा, नाहीतर तोंडावरची वाळू तुम्हीच बेअरिंगमध्ये सोडता. उघड्या सरकत्या भागांवर अगदी पातळ हात, फायरिंगच्या आधी पुसून काढलेला. मशीनगनला तर जवळजवळ कोरडंच ठेवतात.

आणि वाळवंटात गंज नाही हे खरं नाही. आखाताच्या किनाऱ्यालगत रात्री दव चांगलंच पडतं, मिठागरासारखी खारवट जमीन आहे, तिची धूळही खारी. बॅरलच्या आत जळलेल्या दारूची राख ओलावा ओढते. म्हणून फायरिंग झालं त्या दिवशी नळी साफ करायचीच, आणि पुढचे काही दिवस सलग पुन्हा करायची, कारण धातूच्या छिद्रांतून घाण परत वर येते. साफ झाली की आत पातळ तेल, तोंडावर टोपी, ब्रीचवर (नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या तोंडावर) कॅनव्हास. पुन्हा फायर करायच्या आधी ते तेल कोरडं पुसायचं.

इंजिन तुमच्या ओळखीचं आहे. एम-१०९ मध्ये डेट्रॉइट डिझेलचं ८व्ही-७१टी, दोन-स्ट्रोक, ४०५ अश्वशक्ती. ब्लोअरमधून हवा थेट लायनरच्या खिडक्यांवर जाते, त्यामुळे फिल्टरमधून सुटलेल्या धुळीचा पहिला घास रिंगा आणि लायनर. लक्षणं तीच: तेल पिणं, कॉम्प्रेशन जाणं, सकाळी स्टार्टिंगला त्रास. एअर क्लीनरचा क्रम असा ठेवा:

आधी घराची बाहेरची धूळ पुसा, मगच झाकण उघडा. एलिमेंट काढला की आतली पोकळी कोरड्या फडक्याने पुसायची, झटकायची नाही. हवा मारायची ती आतून बाहेर, आणि ३० पीएसआयच्या वर नको. जोरात मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. मग अंधारात एलिमेंटच्या आत दिवा धरून चारी बाजूंनी फिरवा. प्रकाशाचा बारीक ठिपका दिसला की तो एलिमेंट गेला. शेवटी गास्केट आणि होजचे क्लॅम्प. माझ्या मते फिल्टर फाटून जेवढी इंजिनं जातात त्याहून जास्त सैल क्लॅम्पने जातात. क्लॅम्पच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून पाहा, बोटाला धूळ लागली तर गळती तिथेच.

इंजिन ऑइलचा नमुना ठरावीक तासांनी बाटलीत काढून लॅबला पाठवतात. त्यात सिलिकॉन वाढलं तर हवा गळतेय, लोखंड वाढलं तर लायनर घासला जातोय. सिलिकॉन आधी वाढतं, लोखंड मागून. या दोघांमधले दिवस म्हणजे इंजिन वाचवायची संधी.

रेडिएटरला तेलाचा ओशट हात लागलेला असेल तर त्यावर धुळीचा लेप बसतो आणि तापमान चढतं. हवा ज्या दिशेने आत येते त्याच्या उलट दिशेने फुंकून साफ करायचं.

आता तोफेचा भाग. रिकॉइल यंत्रणेत, म्हणजे फायरचा धक्का झेलणाऱ्या भागात, तेल आणि नायट्रोजन. फायरनंतर नळी मागे सरकते तेव्हा चकचकीत पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर धूळ बसली की पुढच्या फैरीला ती सीलखाली ओढली जाते. पृष्ठभागावर ओरखडे, मग सील कापलं जाणं, मग तेलगळती. त्यामुळे फायर मिशनच्या मधल्या वेळात तो भाग कोरड्या चिंदीने पुसणं हे नेहमीचं काम. नायट्रोजनचा दाब तापमानाबरोबर हलतो. दुपारच्या उन्हात गेज पाहून नेमका भरलात तर पहाटेच्या थंडीत तो कमी पडतो आणि नळी पूर्ण पुढे येत नाही. पहाटे भरलात तर दुपारी जास्त. म्हणून तापमानाप्रमाणे दाबाचा तक्ता पाहूनच भरायचं, अंदाजाने नाही.

ब्रीचकडे ऑब्ट्युरेटर पॅड आणि त्याच्या चिरलेल्या रिंगा. पिशवीतला चार्ज वापरणाऱ्या तोफेत पितळी काडतूस नसतं, गॅस अडवायचं काम हा पॅडच करतो. त्यावर वाळूचा कण बसून ब्रीच बंद झाली की पॅडला खाच पडते, मग ब्रीचच्या तोंडावर काळे ओघळ दिसतात. ओघळ दिसला की थांबा, पॅड आणि रिंगा तपासा, स्पेअर संच तोफेवरच हवा. प्रायमरच्या आगीची वाट असते ती रीमरने साफ ठेवायची, नाहीतर प्रायमर फुटतो आणि चार्ज पेटत नाही. त्यानंतरचा थांबायचा वेळ म्हणजे डिटॅचमेंटला (तोफ चालवणाऱ्या माणसांना) सगळ्यात जोखमीचा.

पट्ट्यांचं थोडक्यात: ताण अ‍ॅडजस्टरमध्ये ग्रीस भरून घेतात, रोज बघायचा. वाळूच्या उतारावर आडवं चालताना किंवा जाग्यावर गर्रकन वळताना स्प्रॉकेटमध्ये वाळू दाबली जाते आणि पट्टा उतरतो. लांबून, हळू वळायचं. ड्रायव्हरला हे शिकवणं एका जादा पट्ट्याएवढ्या किमतीचं आहे.

टीए_सावंतवाडी

तिसऱ्या प्रश्नाला येतो, पण आधी एक दुरुस्ती. १९९१ ची जमिनीवरची लढाई फेब्रुवारीत झाली. त्या दिवसांत तिथे पाऊस होता, रात्री कडाक्याची थंडी होती, ढग खाली होते, वर कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर. उन्हाचा खरा मार बसला तो १९९० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, फौज जमत होती तेव्हा. भाषणात हे दोन काळ वेगळे ठेवा, नाहीतर कुणीतरी फौजी काका हात वर करतील.

उष्णतेचा पहिला परिणाम रेंजवर. फायरिंग टेबल (पल्ल्याचा तक्ता) चार्जचं तापमान २१ अंश सेल्सिअस धरून बनवलेलं असतं. चार्ज गरम असेल तर तो लवकर जळतो, दाब वाढतो, गोळ्याचा वेग सेकंदाला काही मीटरने वाढतो आणि गोळा पुढे पडतो. लांब पल्ल्याला लक्ष्य चुकायला तेवढं पुरतं. त्यामुळे चार्जमध्ये थर्मामीटर ठेवून तापमान ठराविक वेळाने कमांड पोस्टला कळवतात. अडचण अशी की एकाच ढिगातले वरचे डबे उन्हात तापलेले आणि खालचे रात्रीचे गार. दोन्ही एकाच मिशनमध्ये वापरले की एका तोफेचे गोळे दोन जागी पडतात. उपाय साधा: डबे जमिनीपासून उचलून लाकडावर, वर ताडपत्री, पण ताडपत्री डब्यांना चिकटून नको. हातभर पोकळी ठेवा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. डबा उघडायचा तो लोड करायच्या वेळीच.

दुसरी गोष्ट लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक. एका लॉटची दारू दुसऱ्यापेक्षा थोडी वेगळी जळते. रसदवाल्यांनी घाईत सहा लॉट एका तोफेवर उतरवले की आमचं कॅलिब्रेशन (तोफेचा नेम आधी जुळवून घेणं) फुकट. ट्रक भरतानाच एका बॅटरीला एकच लॉट जाईल असं बघायचं. गोळ्यावर रंगवलेले छोटे चौकोन असतात, ते वजनाचा फरक दाखवतात. वेगळ्या चौकोनांचे गोळे वेगळे रचायचे.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. धुरासाठी वापरतात त्या व्हाइट फॉस्फरसच्या गोळ्यातला फॉस्फरस ४४ अंशांना वितळतो. उन्हात ठेवलेला गोळा सहज तिथे पोचतो. गोळा आडवा असेल तर वितळलेला फॉस्फरस एका कुशीला जमतो, रात्री तसाच गोठतो, आणि गोळ्याचं वजन एका बाजूला जातं. असा गोळा हवेत डगमगतो आणि कुठेही पडतो. म्हणून हे गोळे कायम बुडावर उभे ठेवायचे, ट्रकवर सुद्धा. गळका निघाला तर बाकीच्यांपासून दूर आणि पाण्याखाली.

पाण्याचा एक खर्च हिशेबात राहून जातो. पिशवीचा चार्ज असलेल्या तोफेत फैर गेली की चेंबर ओल्या स्पंजने पुसायचं असतं. आत एखादी धुमसणारी चिंधी राहिली आणि नवा चार्ज घातला तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे तोफेमागे पाण्याची बादली ही प्यायच्या पाण्याएवढीच सक्तीची. पाणी कमी पडलं म्हणून ही पुसणी वगळायची मुभा कुणालाही नाही. मात्र तिला प्यायचं पाणीच हवं असं नाही, म्हणून दोन कॅन वेगळे रंगवून ठेवतात.

दापोली_इतिहास

भर घालतो, फार नाही. आखाती युद्धात अमेरिकन रसदीची सूत्रं विल्यम पॅगोनिस यांच्याकडे होती. हल्ल्याआधी दोन कोर आणि त्यांचा माल शेकडो किलोमीटर पश्चिमेला हलवला गेला, मुख्यतः टॅपलाइन रोड नावाच्या एका रस्त्यावरून. पुढे वाळवंटात मोठे रसदतळ उभारले. आठ चाकी १० टनी हेमेट ट्रक वाळूत चांगले चालले. भाड्याने घेतलेले रस्त्यावरचे ट्रक पक्क्या रस्त्यापर्यंतच उपयोगी होते. म्हणजे माल कुठे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बदलायचा, ती जागा ठरवणं हेच नियोजन.

आपल्याकडचं उदाहरणही घ्या. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर ११ वी इन्फन्ट्री डिव्हिजन गडरा-खोखरापारवरून नयाचोरच्या दिशेने सिंधमध्ये आत गेली. पुढे सरकण्यावर मर्यादा आणली ती मुख्यतः पाणी आणि वाळूतल्या वाटांनी, म्हणून मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग जोडून घेतला गेला. आज तिथे काय असेल असं मुलांनी विचारलं तर के-९ वज्र: १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबर, पट्ट्यांवर चालणारी, गुजरातेत हजीऱ्याला जुळवलेली, पहिल्या १०० तोफा २०२१ पर्यंत फौजेकडे आल्या.

आणि मुलांना हेही सांगा की या साखळीची बरीच कडी महाराष्ट्रातच आहेत. गनर शिकतात देवळालीला, दारू भंडाऱ्याला बनते, गोळ्यांची कवचं नागपूरजवळ अंबाझरीला, भरणी चंद्रपूरकडे, आणि मोठा साठा पुलगावला.

मिरकरवाडा_डिझेल

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एलएडी साहेब, दोन शंका. फिल्टरचा एलिमेंट पाण्याने धुतला तर चालतो का? आम्ही कधीकधी धुतो. आणि डिझेलमध्ये तिथे काय अडचण येते? आमच्याकडे पाणी, तिथे वाळू, एवढाच फरक का?

दुसरं, गनर काका, मुलांना वजनाची कल्पना हॉलमध्ये कशी देऊ? खरा गोळा तर मिळणार नाही.

एलएडी_चिपळूण

धुता येणारा एलिमेंट असेल आणि पुस्तकात तसं लिहिलं असेल तर चालतो, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. ओल्या कागदावर धूळ चिखल होऊन बसते आणि हवा अडते. म्हणजे एक संच वाळत असताना दुसरा गाडीवर हवा. लढाईत तो वेळ नसतो, म्हणून हवेनेच साफ करतात आणि धुणं तळावर नेतात. फेब्रुवारीतल्या पावसाने नेमकं हेच केलं, उडालेला चिखल आणि तेलविहिरींची काजळी मिळून फिल्टर लवकर बसले. एअर क्लीनरवर लाल पट्टी दाखवणारं इंडिकेटर असतं. धुळीत ते येईपर्यंत थांबायचं नाही, रोजचा नेम ठेवायचा.

डिझेलचं: पाणी तिथेही येतं. दिवसा टाकी तापते, रात्री गार पडते, अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते. म्हणून रात्रीच्या आधी टाकी भरलेली ठेवायची आणि सकाळी सेपरेटरचा नळ सोडून पाणी काढायचं, तुम्ही बोटीवर करता तसंच. वाळू येते ती नोझलमधून. पाइप जमिनीवर टाकलेला, टोपी नाही, तसाच टाकीत. नोझलला टोपी आणि टाकीच्या तोंडाभोवती आधी फडकं फिरवणं, एवढ्याने निम्मे त्रास जातात.

पण तुम्हाला रस वाटेल अशी गोष्ट वेगळी आहे. सौदीत अमेरिकन फौजेने बऱ्याच गाड्यांत डिझेलऐवजी विमानाचं जेट ए-१ इंधन घातलं, कारण तेच हाताशी होतं आणि एकच इंधन सगळीकडे नेणं सोपं. ते रॉकेलच्या जातीचं, वंगणाचा गुण कमी. हलक्या गाड्यांच्या रोटरी इंजेक्शन पंपांना ते सोसलं नाही, पंप झिजले. रणगाड्यांची एक्झॉस्टवर इंधन सोडून धूर करायची यंत्रणाही त्यावर चालेना, कारण पांढरा दाट धूर डिझेलचाच होतो. एम-१०९ च्या इंजिनात युनिट इंजेक्टर असल्याने तिला त्रास कमी. तुमच्या मुलांना डिझेल आणि रॉकेल दोन बोटांत चोळून दाखवा, ओशटपणातला फरक लगेच कळेल.

गनर_खेड

वजनासाठी सिमेंटची गोणी आणा. ती ५० किलोची, गोळा तिच्याहून थोडा हलका, पण गुळगुळीत आणि धरायला कान नाही. दोन कॅडेटना ती ट्रकच्या उंचीवरून उतरवून वीस पावलं वाळूत न्यायला सांगा. दापोली-हर्णैची पुळण त्याला उत्तम. मग सांगा की १२८ गोळ्यांचा एक ट्रक अंधारात, टॉर्चच्या लाल उजेडात, क्रेन नसेल तर असाच हाताने रिकामा होतो, आणि असे पंधरा. गोळ्याच्या बुडाजवळचा तांब्याचा पट्टा दगडावर आपटून चेपला तर तो गोळा बाद, कारण नळीतले आटे त्यालाच धरतात. म्हणून उतरवताना त्यावरची संरक्षक रिंग शेवटपर्यंत काढायची नाही.

एक धोका ऐकणाऱ्यांना सहसा माहीत नसतो तोही सांगा. त्या युद्धात बॉम्बलेटचे (आत छोटे बॉम्ब भरलेले) गोळे फार वापरले गेले. १५५ च्या एका गोळ्यात ८८, आणि एमएलआरएस या रॉकेट सोडणाऱ्या गाडीच्या एका रॉकेटमध्ये ६४४. मऊ वाळूत पडलेल्या बऱ्याच फुटत नाहीत. पुढे गेलेल्या तोफांच्या मागून रसदीचे ट्रक त्याच जमिनीवरून येतात, आपल्याच न फुटलेल्या बॉम्बलेटमधून. रणगाड्याला त्याने फारसं होत नाही, ट्रकचं टायर आणि ड्रायव्हर जातो. म्हणून ताफ्याने खुणा केलेली वाट सोडायची नाही, बाजूने जागा मोकळी दिसली तरी.

टीए_सावंतवाडी

परतीच्या ट्रकांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पिशवीचा चार्ज पूर्ण वापरला जातोच असं नाही. जवळच्या लक्ष्याला चार्जमधल्या पिशव्यांपैकी वरच्या काढून टाकतात. दिवसभराच्या फायरिंगनंतर तोफेमागे काढलेल्या पिशव्यांचा ढीग जमतो. तो तिथेच राहिला तर एक ठिणगी पुरते. या पिशव्या तोफा आणि दारूगोळ्यापासून चांगल्या लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, ढीग न करता जमिनीवर लांब पातळ पट्टीत पसरायच्या आणि वारा जिकडे वाहत जातो त्या टोकाला पेटवायच्या, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळू सरकते. त्याच जागी लगेच दुसरी पट्टी टाकायची नाही, जमीन गरम असते.

रिकामे डबे, पॅलेटची लाकडं, फ्यूजच्या पेट्या परतीच्या ट्रकवर जातात. प्रत्येक डबा परत चढवायच्या आधी उघडून बघायचा, कारण घाईत न वापरलेला चार्ज आत राहून गेलेला सापडतो.